अपग्रेड केलं, पडदा गेला!

शुक्रवारी संध्याकाळी परसोडीच्या आयटी पार्कमधून निघता निघता ‘अपग्रेड’वर क्लिक करणारे महाभाग प्रत्येक ऑफिसात असतात. सोमवारी तर्री-पोहे हाणून व्हर्च्युअलबॉक्स सुरू केलं, तर आतल्या विंडोजचा पडदा पोस्टाच्या तिकिटाएवढा! किंवा नुसताच काळा. पहिला मोह होतो तो मशीनच उडवून नवं बनवायचा. थांबा! ‘डिलीट ऑल फाइल्स’ म्हटलं की आतलं महिन्याभराचं टेस्टिंगही गेलं. मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं, बिनसलेलं असतं ते फक्त पडद्याशी.

भानगड अशी, की बाहेरचं सॉफ्टवेअर नवं झालं, पण आतल्या ‘गेस्ट अॅडिशन्स’ जुन्याच राहिल्या. पडद्याचा आकार ठरतो तो या दोघांच्या बोलाचालीवर. तेव्हा आधी एक स्नॅपशॉट घ्या (आळस नको हं!), मग डिव्हाइसेस मेनूतून नव्या गेस्ट अॅडिशन्सची सीडी जोडा, इन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट.

तरी नाही जमलं? मशीन पूर्ण बंद करा. नुसतं सेव्ह स्टेट चालणार नाही. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडा. ग्राफिक्स कंट्रोलर विंडोजसाठी व्हीबॉक्सएसव्हीजीए, लिनक्ससाठी व्हीएमएसव्हीजीए. जुना व्हीबॉक्सव्हीजीए असेल तर २०१९ च्या ६.१ आवृत्तीपासून त्याचा थ्रीडी सपोर्टच काढून टाकलाय. व्हिडिओ मेमरी १२८ एमबीपर्यंत न्या. काळोख कायम असेल, तर थ्रीडी अॅक्सिलरेशनवरची टिक काढून बघा.

आणि फुल स्क्रीनमध्ये अडकलात, मेनूच दिसेना? उजवं कंट्रोल दाबून होम.