नदीचं नाव लेकीला

'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत अंतर एका अनुस्वाराचं, आणि बारशाच्या घरी दोन्ही एकदमच सुरू होतात. पाळणा सजायच्या आत आत्याची यादी, मावशीची यादी, गुरुजींनी पत्रिकेवरून काढून दिलेलं अक्षर, आणि आता त्यात बाळाच्या बाबांच्या मोबाइलची भर. त्या मोबाइलवर निम्म्या नावांचा अर्थ 'राजकुमारी' असतो आणि उरलेल्यांचा 'देवाची देणगी'. मी अर्धवेळ शिकवते, त्या वर्गात हजेरी घेताना एका नावाला तीन-तीन मुली 'हजर' म्हणतात. तेव्हा आईबापांना काही वेगळं, झाडापाण्यातलं नाव हवंसं वाटलं तर नवल नाही.

यावरच अकोल्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. पहिलीच नात. सुनेच्या मनात नाव आहे 'मोर्णा'. सासूबाई लिहितात, "नाल्याचं नाव पोरीले ठेवते का कोणी? शाळेत पोट्टे चिडवतीन न तिले!" आणि त्याच पत्रात, चार ओळी खाली, त्यांनी सहज लिहिलंय की लहानपणी त्या आईबरोबर याच नदीवर धुणं घेऊन जायच्या आणि वाळूत झिरा उकरून ओंजळीनं पाणी प्यायच्या.

अकोल्याबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. मोर्णा ही पूर्णेला मिळणारी नदी, अकोला शहराच्या मधून वाहते. जुनं शहर एका काठाला, नवं दुसऱ्या. शहराचं सांडपाणी तिच्यातच येतं आणि वर जलकुंभीची हिरवी गादी. २०१८ च्या जानेवारीत हजारो अकोलेकर तिच्यात उतरले आणि हातांनी ती जलकुंभी काढली. त्याचा उल्लेख पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही झाला होता. जलकुंभी हट्टी, ती पुन्हापुन्हा वाढते. पण ज्या गावानं नदी साफ करायला कमरेइतक्या चिखलात पाय घातला, त्या गावात तिचं नाव लेकीला देणं मला तरी विचित्र वाटत नाही.

"नदीचं नाव मुलीला असू नये" असं सांगणारे जुने लोक कुठे कुठे भेटतात, ते अगदी हवेतलं नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी यांच्या नावाची मुलगी बायको म्हणून करू नये असं सांगितलंय. आपल्या आज्या-पणज्यांनी ते मुळीच मनावर घेतलं नाही, हे किती बरं झालं! गोदावरी, कृष्णा, चंद्रभागा, तुळसा, शेवंता, मैना, रोहिणी, रेवती... सगळ्यांची लग्नं झाली आणि सगळ्यांनी संसार केले. तेव्हा निसर्गातलं नाव ही काही आजची टूम नव्हे. आपणच मधली तीस-चाळीस वर्षं त्यांना 'जुनाट' म्हणून बाजूला सारलं.

आणि काही नद्या तर आपल्या घरात वेगळ्याच नावानं नांदताहेत. 'वरदा' हे नाव ठेवणाऱ्या किती जणींना ठाऊक आहे की आपल्या वर्धा नदीचं ते जुनं नाव? कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात विदर्भाचं राज्य दोन चुलतभावांत वाटून देतात, तेव्हा हीच वरदा मधली सीमा ठरते. अमरावतीच्या नळाला येणारं पाणी मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचं. म्हणजे अमरावतीत वाढणाऱ्या वरदाला तिचं नाव रोज सकाळी हंड्यात भरून दाखवता येतं! 'पयोष्णी' हे नावही सुंदर. जुन्या ग्रंथांतली पयोष्णी म्हणजे आपली पूर्णाच, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. हाक मारायला मात्र ते जड आहे. त्यापेक्षा सरळ 'पूर्णा' ठेवावं. अकोला जिल्ह्यात विद्रूपा नावाचीही नदी आहे, पण ते कुणी सुचवू नये, एवढं मी सासूबाईंच्या बाजूनं बोलते.

मेळघाटात सेमाडोहजवळून सिपना वाहते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. एकाच नावात नदी आणि झाड दोन्ही. अमरावतीला हे नाव मुलांना कॉलेजमुळे ठाऊक असतं, अर्थ मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, फक्त ते कोरकूंचं आहे हे मुलीला सांगा.

शाल्मलीचं उलट झालंय. नाव आता बरंच रुळलं. पण शाल्मली म्हणजे काटेसावर, माघ-फाल्गुनात पानं टाकून लालभडक फुलणारी, हे झाडाखाली उभं राहून ओळखता येतं का? माझ्या वर्गातल्या शाल्मलीला येत नव्हतं. आम्ही सगळा वर्ग मिळून शाळेमागची सावर पाहून आलो, त्यानंतर ती आठवडाभर पर्कराच्या डब्यात तिची फुलं घेऊन यायची.

आता चिडवण्याबद्दल. पोरं चिडवतात, खरं आहे. पण ती कोणत्याही नावाला चिडवतात. आपल्याकडे मूल जगावं म्हणून दगडाधोंड्याची नावं ठेवायची रीत होती, तीही निसर्गातलीच म्हणा ना. दगडाबाई शेळके याच नावानं निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरल्या, आणि मराठवाड्यात ते नाव आदरानं घेतात. टोचतं ते नाव वेगळंच असतं. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात पावणेतीनशेच्या वर मुलींची नावं समारंभानं बदलली. त्यांचं नाव होतं 'नकुसा', म्हणजे नकोशी. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. त्या मुलींना शाळेतल्या पोरांनी चिडवायची गरजच नव्हती. घरातली प्रत्येक हाकच तेवढी होती.

म्हणून अकोल्याच्या ताईंना माझं म्हणणं असं. 'नाल्याचं नाव' हे तुम्ही म्हणता, तुमची सून म्हणत नाही. तिनं ती नदी नितळ कधी पाहिलीच नाही, तरी तिला ते नाव गोड वाटलं. नितळ पाहिली ती तुम्ही. नातीनं उद्या विचारलं, "आजी, माझं नाव असं का?" तर झिऱ्याची गोष्ट सांगू शकणारं त्या घरात दुसरं कोण आहे? तुमच्या तोंडून ती गोष्ट येणार असेल तर 'मोर्णा' खुशाल ठेवा. आणि तुमच्या मनातून नाला जाणारच नसेल, तर मात्र नको; लेकरू दिवसभर तुमच्याच हाका ऐकणार आहे. सुनेला तसं मोकळेपणानं सांगा, कुरकुर करत बारसं उरकू नका.

ठरवण्याआधी नाव मागच्या दारातून तीनदा मोठ्यानं हाक मारून पाहावं. आपल्या वऱ्हाडात 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'य'. मोर्णाची 'मोरना' होणार, बकुळेची 'बकुया'. ते कानाला चालत असेल तरच पुढे जावं. चालत असेल तर छानच. माझ्या एका मावशीला जन्मभर 'कमया' म्हणत आणि ती 'कमळा' म्हटल्यावर ओ देत नसे.

घाई मात्र करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण त्या वेळी नाव द्यावंच लागतं असं नाही. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे त्यावरची चूक फार लांबवर पाठ धरते. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. चारही एका दमात म्हणून बघा. एखादं नाव एकटं गोड लागतं आणि आईच्या नावाशेजारी अडखळतं. इंग्रजी स्पेलिंग घरीच ठरवून मोठ्या अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहा आणि नगरपालिकेत जाणाऱ्याच्या खिशात ठेवा. फोनवरून सांगू नका.