इंटरनेटचा पाट आणि सहकार

गोदावरीच्या कालव्यांवर पिकणाऱ्या कोपरगाव तालुक्यास पाण्याच्या पाळीचे महत्त्व सांगावयास नको. पाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या मर्जीवर इतरांचे पीक असू नये, हेच सहकाराचे तत्त्व होय. इंटरनेटलाही तेच लागू पडते. सन २०१५ मध्ये फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’द्वारे निवडक संकेतस्थळे फुकट देऊ केली. गरिबास काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे, असे कित्येक म्हणाले. परंतु कोणते थोडे, हे धनिकाने का ठरवावे? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून निरनिराळे दर लावण्यास मनाई केली, हे आमच्या मते योग्यच झाले. अन्यथा बड्या व्यापाऱ्याचे दुकान फुकट उघडेल, आणि सहकारी संघाचे बाजारभाव पाहण्यास मात्र दाम मोजावे लागेल. सभासद बंधूंनी या नियमावर जागता पहारा ठेवावा.