पोरं पडू द्या, पण वाळूत!

"पडल्याशिवाय का पोर मोठं होतं?" आमच्या कॉलनीच्या बागेत झोक्याखाली गट्टू बसवायला विरोध केला, तेव्हा मला मिळालेलं हे उत्तर. मान्य! पडू द्या की. पण कशावर पडायचं हे पोर ठरवत नाही, आपण ठरवतो.

बागेचं सुशोभीकरण म्हणजे माती झाकणं, अशी आपली समजूत. गुडघा खरचटला तर आठ दिवसांत खपली धरते. डोकं गट्टूवर आपटलं तर?

अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो, ४ फुटांवरून पडणाऱ्या पोरासाठी खाली ९ इंच सैल वाळू हवी, आणि खेळण्याभोवती ६ फूट मोकळी जागा. वाळू दबली की उकरायची, कमी झाली की भर घालायची. एवढंच! गिरणा-तापीची वाळू रातोरात ट्रॅक्टर भरून बांधकामांवर पोचते, झोक्याखाली मात्र एक ट्रॉली मिळत नाही.

आणि मे महिन्यात ४५ अंशांत तापलेली पत्र्याची घसरगुंडी? भर दुपारी तिच्यावर आपला तळहात टेकवून बघा, मग बोला. शेजारी एक कडुनिंब लावायला किती लागतं हो?

झोके काढू नका. गट्टू काढा.