दिवसा झोपणाऱ्यांचा हक्क

रातपाळी आटोपून परिचारिका घरी पोहोचते, तेव्हा शेजारी कुकरच्या शिट्ट्या सुरू झालेल्या असतात. मुलांचे डबे, नळाचे पाणी, दारावरचा भाजीवाला यांतून मोकळी होऊन ती जेमतेम अंथरुणाला पाठ टेकते, तोच कोणी तरी सहज विचारून जाते, ‘आज दिवसा झोपलात वाटतं?’ या प्रश्नात कुचेष्टा नसते. पण समाजाची समजूत मात्र त्यातून नेमकी व्यक्त होते. रात्रीची झोप ही गरज आणि दिवसाची झोप ही आळसाची खूण, अशी ती समजूत होय.

गिरणगावात एकाच खोलीत राहणारी माणसे पाळीपाळीने कामावर जात आणि पाळीपाळीने निजत. त्या गिरण्या बहुतांशी बंद पडल्या. रातपाळी मात्र गेली नाही. रुग्णालये, रेल्वे, वीजकेंद्रे, पोलीस ठाणी, एसटीच्या रातराण्या आणि परदेशच्या घड्याळावर चालणारी कॉल सेंटरे यांच्या आधाराने समाजाचा व्यवहार रात्रीही चालू राहतो.

मनुष्याचे शरीर मात्र हजेरीपटाप्रमाणे चालत नाही. प्रकाश आणि अंधार यांच्याशी जुळवून घेणारे एक घड्याळ त्यात असते. त्याची पेशींमधील यंत्रणा उलगडून दाखविणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उजाडले की हे घड्याळ शरीराला जागे करू लागते. त्यामुळे रात्रभर जागलेल्या माणसाची दिवसाची झोप तुटक आणि अपुरी राहते. वर्षानुवर्षे असे चालले, तर पचनाच्या तक्रारी, मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि फेरविचारानंतर २०१९ मध्येही, अशा कामाचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केला.

रातपाळीचा भत्ता मिळतोच ना, असे यावर म्हटले जाईल. पण भत्त्याने झोप विकत घेता येत नाही. कायद्याची दृष्टीही रात्री झोपणाऱ्यांपुरतीच आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली; दिवसा ती ५५ आहे. रुग्णालयाभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. म्हणजे परिचारिका शांततेत काम करते आणि गोंगाटात झोपते.

उपाय अवघड नाहीत. पाळ्या बदलायच्याच असतील, तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने बदलाव्यात, कारण झोपेची वेळ पुढे ढकलणे शरीराला त्यामानाने सोपे जाते. सलग रात्रींची संख्या मर्यादित असावी. दोन पाळ्यांमध्ये पुरेसे अंतर असावे आणि वेळापत्रक बरेच आधी कळावे. मध्यरात्रीनंतर आळीपाळीने थोडी विश्रांती घेता येईल अशी खोली असावी. तेथे घेतलेली डुलकी हा गुन्हा ठरू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९० च्या रात्रकामविषयक करारात मोफत आरोग्य तपासणीची आणि रातपाळी न मानवणाऱ्याला शक्य तेथे दुसरे काम देण्याची तरतूद आहे. भारताने या करारास अद्याप मान्यता दिलेली नाही. ती देण्याचा विचार आता व्हावयास हवा.

तथापि सारा भार सरकारवर आणि मालकावर टाकून भागणार नाही. घरात कोणी रात्र जागून आले असेल, तर खिडकीवर जाड पडदा आणि सकाळची कामे इतरांच्या वाट्याला, एवढे तरी कुटुंबाला करता येईल. मंडळांना दुपारचा ध्वनिक्षेपक आवरता येईल आणि शेजाऱ्याला घंटा न वाजवता परतता येईल. त्या परिचारिकेला आज रात्री पुन्हा रुग्णाच्या उशाशी जागायचे आहे. तिच्या दुपारच्या झोपेचा रुग्णाच्या सुरक्षिततेशीही संबंध आहे, याचे भान राहिले, तर तिला कोणी तो प्रश्न विचारणार नाही.