वर्गणी, पंखा आणि पगार

जानेवारी आला की आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वार्षिक वर्गणीची कार्डं वाटली जातात. वरती नाव, खाली बारा महिन्यांचे बारा चौकोन आणि एक ओळ रिकामी : ‘या वर्षी मी देईन रु. ...’. ही रिकामी ओळ बघून भल्याभल्यांना ऐनवेळी पेन सापडत नाही. कार्ड बायबलमध्ये ठेवलं जातं आणि पुढच्या जानेवारीत तिथेच सापडतं.

तर मंडळी, आज याच कार्डाविषयी लिहायचं आहे. काही नातेवाईक रागावतील, रागावू देत. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला आपण ‘आपली मंडळी’ म्हणतो, तिला वर्षाला किती देणार ते वर्षाच्या सुरुवातीला ठरवावं, आकडा लिहून द्यावा आणि पाळावा. आणि मंडळीनेही त्या कार्डाचं वसुलीचं नोटीस करू नये. दोन्हीकडच्यांचे कान उपटायचे आहेत, म्हणून जरा लांबण लागेल.

जे वाचक ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चर्चला पैसा येतो तो साधारण तीन वाटांनी. रविवारच्या उपासनेत थैली फिरते, तिच्यात हाताला येईल ती नोट पडते. वर्षातून एकदा उपकारस्तुतीचा सण होतो. लोक धान्य, भाजी, अंडी, कोंबडी आणतात, मग त्यांचा लिलाव होतो आणि एका भोपळ्याचे पाचशे रुपये येतात. मजा येते. तिसरी वाट ही वर्गणीची. पहिल्या दोन वाटांवर उत्साह आहे, तिसरीवर शुकशुकाट. पण पाळकांचा पगार, विजेचं बिल, झाडलोट करणाऱ्या बाईंचे पैसे हे दर महिन्याला द्यावे लागतात. भोपळा वर्षातून एकदाच येतो.

आता लोक काय म्हणतात ते पाहू.

पहिलं म्हणणं : “गुरुजी, दान गुप्त असावं. डाव्या हाताला कळू नये. मग आकडा लिहून कशाला द्यायचा?” वाक्य शुभवर्तमानातलं असल्यामुळे समोरचा गप्प बसतो. पण येशूने ते सांगितलं ते चौकात शिंग फुंकून दान करणाऱ्यांसंबंधी. ज्याने काहीच दिलं नाही त्याला लपायला जागा म्हणून नव्हे. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे अध्याय जरा शांतपणे वाचा. यरुशलेममधल्या गरीब बंधूंसाठी मदत द्यायचं करिंथकरांनी वर्षभरापूर्वी कबूल केलं होतं आणि नंतर ते थंडावले. पौल त्यांना आठवण करून देतो, मासेदोनियातल्या गरीब मंडळ्यांचं उदाहरण देतो, आणि पैसे तयार आहेत ना हे पाहायला आधी माणसं पाठवतो. म्हणजे वर्षभर आधी शब्द द्यायचा आणि मग तो पुरा करायचा, ही काही परवा कोणा कमिटीने काढलेली टूम नव्हे. आणि तिथेच त्याने हेही सांगून ठेवलं आहे की माणसाजवळ जे आहे त्यावरून त्याचं देणं मोजावं, जे नाही त्यावरून नव्हे. हे वाक्य पंचकमिटीने भिंतीवर लिहून लावावं. का, ते पुढे सांगतो.

दुसरं म्हणणं : “आम्ही देतो की! पंखा दिला, माइक दिला.” खरं आहे. कुठल्याही जुन्या चर्चमध्ये मान वर करून बघा. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर कुणाच्या तरी स्मरणार्थ लिहिलेलं असतं. बाकांवर नावं, घड्याळावर नाव, वेदीवरच्या कापडावर नाव. पण ‘कै. आजोबांच्या स्मरणार्थ मार्च महिन्याचं वीजबिल’ अशी पाटी मी आजवर पाहिली नाही. पंखा देणारे आठ, तो फिरवायला पैसे देणारा एकही नाही! पुण्या-मुंबईला आणि परदेशात असलेल्या माझ्या भाचे-पुतण्यांना हे मुद्दाम सांगतो. नाताळला गावी येऊन एकरकमी दहा हजारांची वस्तू देण्यापेक्षा महिन्याला पाचशे कबूल करा आणि पाठवा. वर्षाचे सहा हजारच होतात, पण खजिनदाराला फेब्रुवारीत झोप लागते.

तिसरं म्हणणं सगळ्यात घातक आहे : “आपल्याला काय कमी आहे? मिशनची एवढी जागा पडलीये.”

इथे जरा इतिहास सांगतो, मास्तरकीची खोड आहे. अमेरिकन मिशनरी मुंबईत आले 1813 साली आणि अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) त्यांचं काम सुरू झालं 1831 साली. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन 1854-55 मध्ये स्वतः इकडे पाहणीला आले होते. त्यांचा आग्रह होता की इथल्या मंडळ्यांनी आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण उचलावा आणि आपला प्रसार आपण करावा. या गोष्टीला पावणेदोनशे वर्षं होत आली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली ती ख्रिस्ताचा धर्म या मातीत स्वतःच्या पायांवर उभा राहावा म्हणून. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन उत्तर भारताची चर्च स्थापन झाली. कारभार आपल्या हाती आला. पण खर्च उचलायची सवय? ती मात्र आपण अजून लावतोच आहोत. मिशनऱ्यांचा पैसा आटला तेव्हा आपण जागेकडे पाहिलं. आधी भाडं, मग गाळे, मग विक्री.

लक्षात घ्या, जी मंडळी सभासदांच्या वर्गणीवर चालते तिथल्या कारभाऱ्यांना सभासदांचं ऐकावं लागतं. जी जागेच्या पैशावर चालते तिथे ऐकायची गरज काय? चर्चच्या जागा सार्वजनिक न्यासाच्या असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. कायदा चांगला आहे, पण आयुक्तांसमोर हरकत घ्यायला कुणी तरी उभं राहावं लागतं. ज्याने दहा वर्षांत दहा रुपये दिले नाहीत तो कुठल्या तोंडाने उभा राहणार? बापजाद्यांची शेती विकून खाणाऱ्या पोराला आपण गावात काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

“आम्ही गरीब” असंही म्हणतात. मिझोरमकडे बघा. तिथल्या प्रेस्बिटेरियन बायकांनी 1910 च्या सुमारास एक रीत पाडली. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी भांड्यात तांदूळ घालताना त्यातली एक मूठ देवासाठी बाजूला काढायची, ती जमवायची, विकायची आणि मंडळीचं काम चालवायचं. ती रीत आजही चालू आहे. ‘उरलं तर देऊ’ असं त्या म्हणाल्या नाहीत. शिजायच्या आधीच मूठ बाजूला. वार्षिक संकल्प म्हणजे दुसरं काय हो? ज्या माउलीची ऐपत महिना वीस रुपयांची आहे तिने वीस लिहावेत. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट आपण मुलांना शिकवतो ती उगाच का?

आता पंचकमिटीकडे वळतो.

वर्गणीदारांची यादी आकड्यांसकट भर उपासनेत वाचून दाखवतात. हे ताबडतोब बंद करा. पन्नास हजारवाल्याची मान ताठ होते आणि वीस रुपयेवाली बाई पुढच्या रविवारी येत नाही. येशूने ज्या शिंगाला नावं ठेवली ते हेच.

दुसरं, निवडणुकीच्या वर्षी मतदार यादी लागायच्या आदल्या आठवड्यात तीन-तीन वर्षांची थकबाकी एकदम भरली जाते, आणि ती कुणाच्या खिशातून येते हे गावाला माहीत असतं. याला वर्गणी म्हणू नका.

आणि तिसरं. एका मंडळीत घरात मयत पडलेलं असताना पावतीपुस्तक घेऊन माणूस आला. आधी बाकी, मग दफनविधी. शेजाऱ्यांनी खिशांतून नोटा काढून पैसे भरले, तेव्हा कुठे माती झाली. मी तिथे होतो. त्या घरातल्या मुलाने नंतर चर्चची पायरी चढली नाही, आणि मी त्याला चढ म्हणून सांगू शकलो नाही. रिक्षा चालवणारा तो माणूस दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला होता. त्याच्याजवळ जे नव्हतं त्यावरून त्याला मोजलं गेलं! वर्गणी हा शब्द दिलेला आहे, कर्ज काढलेलं नाही. शब्द पाळता आला नाही तर पाळकसाहेबांनी घरी जाऊन विचारपूस करायची असते, प्रेत अडवून ठेवायचं नसतं.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. कार्ड बंद पाकिटात द्यावं आणि आकडा फक्त खजिनदाराला कळावा. आजारपण आलं, नोकरी गेली तर कारण न विचारता आकडा कमी करता यावा. दर तीन महिन्यांनी जमाखर्च चर्चच्या फळ्यावर लागावा. आणि बाप्तिस्मा, लग्न, दफन यांचा वर्गणीशी कसलाही संबंध असू नये.

हे होईपर्यंत देणार नाही, असं मात्र म्हणू नका. ती पळवाट झाली. साधा हिशोब करा. समजा शंभर घरांनी महिना तीनशे रुपये दिले, तर वर्षाला तीन लाख साठ हजार होतात. छोट्या मंडळीचा बराचसा संसार त्यात चालतो, आणि जागेच्या सातबाऱ्याकडे कुणाला वाकड्या नजरेने बघायचं निमित्त राहत नाही. तीनशे रुपये म्हणजे आजकाल महिन्याचं मोबाइलचं रिचार्ज. ते संपायच्या आधी आपण न चुकता भरतो की नाही?

कार्ड बायबलमध्येच असेल. काढा, आकडा लिहा. पेनाने.