आमचा नंबर सापडतो, आमचा दावा का सापडत नाही?



लोकसभेचं मतदान आपल्या जिल्ह्यात २६ एप्रिल २०२४ ला झालं. त्याच्या थोडं आधी आमच्या गावातल्या एका पोरीच्या मोबाईलवर फोन आला. पोरीला नुकतंच अठरावं पुरं झालेलं. पलीकडून पुढाऱ्याचा रेकॉर्ड केलेला आवाज: पहिल्यांदा मत देणार, अभिनंदन! पोरगी हरखली. बाप बाजूला बसला होता. तीस वर्षांपासून वनजमिनीवर त्याची जबरानजोत आहे, दावा दाखल केलेला आहे, उत्तर नाही. तो एवढंच बोलला, "मले तं कोनाचाच फोन नाही आला बावा."

भावांनो, बहिणींनो, याच्यावर विचार करा. पोरगी अठराची झाली हे पक्षाला कळतं. बापाची फाईल कोणत्या टेबलावर आहे हे कोणालाच कळत नाही?

कळतं कसं ते आधी समजून घ्या. मतदार यादी सगळ्यांना मिळते. तिच्यात नाव, वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. मोबाईल नंबर नसतो. तो आपणच देतो. मिस्ड कॉल देऊन सदस्य होतो. कोणी सर्व्हेचा फॉर्म घेऊन येतो, त्याच्यावर लिहून देतो. यादी आणि नंबर जोडले की नवा मतदार कोण, बाई कोण, कोणाला कोणता मेसेज पाठवायचा, सगळं शहरातल्या खोलीत बसून ठरतं. त्या लोकसभेच्या वेळी तर निवडणूक आयोगालाच दोनदा बोलावं लागलं. २१ मार्चला केंद्राच्या खात्याला सांगितलं, विकसित भारतचे व्हॉट्सॲप मेसेज थांबवा. २ मे ला सगळ्या पक्षांना बजावलं, सर्व्हेच्या नावाखाली पुढच्या योजनांसाठी मतदारांची नोंदणी करू नका.

आणि आपलं काय चुकलं तेही बोलू. आपल्याच पोट्ट्यांनी गावाची नंबरांची वही एका पक्षाच्या माणसाला दिली. बदल्यात काय? तीन महिन्यांचा रिचार्ज आन् 'सोशल मीडिया प्रमुख' असं नाव. पोट्टे वाईट नाहीत. हाताला काम नाही, कोणी भाऊ म्हणून हाक मारली की बरं वाटतं. पण ती वही गावाची होती, एकट्याची नव्हती.

कोणी म्हणेल, मोबाईलच फेका. आम्ही तसं म्हणत नाही. उलट मोबाईलनं काय होऊ शकतं ते सरकारनंच दाखवलं. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. 'नारीशक्ती दूत' ॲपवर अर्ज भरले, आणि नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान होण्याच्या आत दोन कोटींवर बायांच्या खात्यात महिन्याचे १५०० रुपये पडायला लागले. ते पैसे जरूर घ्या, उपकार नाहीत ते. पण विचारा: चार-पाच महिन्यांत एवढे अर्ज तपासता येतात, तर वनहक्काचे दावे वर्षानुवर्षे का पडून? कायदा २००६ चा, अंमल २००८ पासून. आमच्या गावची म्हातारी बरोबर बोलली, "मोबाईल घरोघरी आला, पन पट्टा काई आला नाई." यंत्र कमी नाही. मन कमी आहे.

वरून साहेब सांगतात, वाशीम जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, तुमच्या ग्रामसभेला काय अधिकार? पेसा इथं लागू नाही हे खरं. पण वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. आंध असो, पारधी असो, गोंड असो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असेल तर दावा होतो. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून हटवता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये लिहिलेलं आहे. दावा नामंजूर केला तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि ६० दिवसांत अपील करता येतं. हा मेसेज कोणता पक्ष पाठवतो? एकही नाही.

म्हणून प्रत्येक गावानं ग्रामसभेत हे ठरवावं:

एक. गावाची नंबरांची यादी कोणत्याही पक्षाला द्यायची नाही. ओटीपी तर कोणालाच नाही.

दोन. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक पोरा-पोरीचं नाव नमुना ६ भरून यादीत घालायचं. मोबाईलवरूनही भरता येतो. मत सोडायचं नाही.

तीन. उमेदवाराचं शपथपत्र मोबाईलवर काढून चावडीत मोठ्यानं वाचायचं. किती मालमत्ता, किती गुन्हे.

चार. मत मागणारा मेसेज आला की प्रत्येकानं एकच उत्तर पाठवायचं: आमच्या गावचे किती दावे प्रलंबित, किती नामंजूर, तुम्ही काय करणार? उत्तर मोबाईलवर नको. ग्रामसभेत येऊन, बायांसमोर, उभं राहून द्या.

पोट्टेहो, ग्रुप तुम्हीच चालवा. फक्त पक्षासाठी नाही, गावासाठी चालवा. पुढाऱ्याचा फोटो टाकण्याआधी बापाच्या दाव्याच्या पोचपावतीचा फोटो काढून ठेवा. ती पावती हरवली तर कोणताही पुढारी नवीन आणून देणार नाही.

ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याला हा कागद वाचून दाखवा.

जमीन कसणाऱ्याची! ग्रामसभा जिंदाबाद!