दहा मिनिटांची किंमत

तासगाव परिसरातील द्राक्षबागायतदार ठिबक सिंचनाच्या साहाय्याने पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतो. तोच बागायतदार, किंवा त्याच्या मुलांना शिकविणारा प्राध्यापक, स्वतःच्या मोटारीत बसला की पेट्रोलचा हिशेब मात्र विसरतो. दरवाढ झाली की सरकारला दोष दिला जातो. दरात करांचा वाटा मोठा आहे, हे खरेच. परंतु उधळपट्टीचा वाटा कोणाचा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

तासगाव ते सांगली हे अंतर सुमारे २५ किलोमीटर. ताशी ५० किलोमीटर वेगाने त्याला अर्धा तास लागतो, ७५ च्या वेगाने वीस मिनिटे. वाचतात ती दहा मिनिटे, आणि तीही बहुधा कागदावरच. कारण उसाच्या ट्रॉल्या, गतिरोधक आणि गावांतील वर्दळ तो वेग टिकू देत नाहीत. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दीडपट वेगाला तो सव्वादोन पट होतो. त्यातच अडथळा दिसत असताना वेग वाढवून ऐनवेळी करकचून ब्रेक लावणे, म्हणजे विकत घेतलेल्या इंधनाची ब्रेकमध्ये निव्वळ उष्णता करणे होय.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची काटकसरही भ्रामक आहे. आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असता अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनपुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते, शिवाय गाडीवरील ताबा कमी होतो तो वेगळाच.

हा प्रश्न केवळ घरखर्चाचा नव्हे. १९७३ च्या तेलसंकटात खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले, तेव्हा परावलंबनाची किंमत देशाला कळली. आजही देशाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात होते आणि त्यापायी परकीय चलन खर्ची पडते.

एस.टी.च्या आगारात दहा लिटर डिझेलमागे बस किती किलोमीटर धावली, याचा हिशेब होतो. खाजगी मोटारमालकानेही तशी वही ठेवावी आणि मोटार शिकविणाऱ्या शाळांनी स्टिअरिंगबरोबर हा हिशेबही शिकवावा. तेलाचा भाव ठरविणे तासगावकरांच्या हाती नाही. दहा मिनिटांसाठी किती तेल जाळावे, हे मात्र निश्चितच त्यांच्या हाती आहे.